एकशे वीस दारं, सहा किल्ल्या

११ जानेवारी

कंपनीने गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला एक डायरी वाटली. वर सोनेरी अक्षरं, आत डोंगरामागच्या खाणीचा फोटो. शेजारच्या बेकरीवाल्याने त्याच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली तिचा टेकू केला. मी म्हटलं, आपण लिहून बघू. माझं बूड एका जागी टिकत नाही अशी बायकोची जन्माची तक्रार आहे. निदान दिवसातून पाच मिनिटं बसणं होईल.

मी किल्लीवाला. कुलपं विकतो, बसवतो, उघडून देतो. वडिलांचंही हेच काम होतं. ते म्हणायचे, आपण कुलूप विकत नाही, लोकांची झोप विकतो. त्यांची एक पद्धत मी आजही पाळतो. प्रत्येक दाराच्या किल्ल्या तीन करायच्या, दोन गिऱ्हाइकाला आणि तिसरी आपल्या फळीवर, नंबर टाकून. हरवली की लोक धावत येतात. आख्ख्या गल्लीच्या किल्ल्या माझ्या फळीवर टांगलेल्या आहेत आणि आजवर एकानेही त्याबद्दल शंका घेतलेली नाही. ही इस्टेट थोडी नव्हे.

खाणीतून तो पांढरा दगड निघायला लागला, ज्याच्या म्हणे बॅटऱ्या होतात, आणि गावाचं रूपच पालटलं. माणसं येतायत, येतायत, थांबतच नाहीत. ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या त्याने मध्ये फळ्या ठोकून पाच केल्या. जिथे फळी तिथे दार, जिथे दार तिथे कुलूप आणि जिथे कुलूप तिथे मी. जेवायला फुरसत नाही. आत्ताही ही दोनदा ताट वाढलंय म्हणून सांगून गेली.

२ फेब्रुवारी

सगळ्यांनी खोल्या दिल्या, आपणच का मागे राहायचं? पुढची खोली एका वेल्डरला दिली. खाणीवर पाइप जोडतो. तिशीचा, एकटा, मान खाली घालून बोलणारा. पहिल्याच दिवशी मला काका आणि हिला काकू करून टाकलं आणि हिच्या मागे लागून मोरीच्या मोडक्या बादलीचा कान जोडून दिला.

हिचं शिवणाचं मशीन पुढच्या खोलीच्या खिडकीशी असायचं. ते मागच्या बोळकंडीत हलवलं. ही म्हणाली, "अहो, इथे मला सुई दिसत नाही." मी म्हटलं, बल्ब लावून देतो. लक्षात ठेवून लावायला हवा.

१९ फेब्रुवारी

भीती आणि राग दोन्ही.

समोरच्या बाईंकडे आठ दारं बसवायची होती. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी घराच्या आठ खोल्या केल्यात आणि भाडेकरूंना अजूनही हजेरी घेतल्यासारख्या हाका मारतात. बाकी गल्लीतही मागणी होतीच, म्हणून एका नव्या व्यापाऱ्याकडून लॅचची खोकी मागवली. एकशे वीस नग. दार नुसतं ओढलं की आपोआप लागतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. चकाचक माल. मी घाईत होतो. नेहमी मी प्रत्येक कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावून बघतो, हाच तर आमच्या धंद्याचा पहिला धडा. या वेळी बघितली नाही. चाळीस बसवून झाल्यावर आज दुकानात तिसऱ्या किल्ल्या फळीवर टांगत होतो. दोन हातात धरल्या, एकीवर एक ठेवली. दाताला दात. तिसरी घेतली. सगळ्या ओतल्या, जुळवत बसलो. एकशे वीस कुलपं आणि किल्ल्यांचे प्रकार फक्त सहा!

म्हणजे बाईंच्या घरातल्या भाडेकरूने बेकरीमागच्या खोलीला आपली किल्ली लावली तर उघडू शकेल. मी लोकांची झोप विकत नाही, लॉटरी विकतोय.

व्यापाऱ्याचा फोन लागत नाही. तीनदा हिला हाक मारली, पाणी आण म्हणून. आली तेव्हा सांगायला तोंड उघडलं आणि "काही नाही" म्हणालो.

२१ फेब्रुवारी

तोड निघाली. गल्लीचा नकाशा काढला. प्रत्येक दारावर एक ते सहा आकडा टाकला. एका घरात, एका जिन्यावर, समोरासमोर एक आकडा दोनदा यायला नको. ज्या दोन दारांना एकच किल्ली लागते त्या दोन दारांमध्ये निदान पन्नास पावलांचं अंतर. बसवलेली काही कुलपं "तेल घालायला" म्हणून काढून बदलली. कोण कशाला पन्नास पावलं चालत जाऊन परक्या दाराला आपली किल्ली लावून बघेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. नवा माल आला की गुपचूप एकेक बदलून टाकीन.

नकाशात जागा न मिळालेलं एकच कुलूप उरलं, चार नंबरचं. ते आपल्याच मागच्या कोठीला ठोकलं. बाईंच्या पाच नंबरच्या खोलीलाही चारच आहे आणि ती काही पन्नास पावलांवर नाही. पण आमच्या कोठीत आहे काय, जुनी पत्र्याची डबडी. घरच्यांना कसली भीती?

नकाशा या डायरीच्या मागच्या पुठ्ठ्यात चिकटवून ठेवला आहे.

१४ मे

तीन महिने लिहिलंच नाही. पायाला भिंगरी. नवा माल अजून नाही, कारण सगळ्या देशाला म्हणे कुलपं हवी आहेत.

आज एक गंमत झाली. बाईंच्या पाच नंबरमध्ये कंपनीच्या दवाखान्यातली नर्स राहते. पाळी संपवून आली, कुंडीला पाणी घालायला बाहेर आली आणि मागे दार लागलं, किल्ली आत. मी खाणीच्या ऑफिसात दारं बसवायला गेलेलो. संध्याकाळी परतलो तर ही म्हणाली, "मी दिलं उघडून."

"तू? कसं?"

"उघडलं," म्हणाली आणि शिवायला बसली.

बावीस वर्षं किल्लीवाल्याशी संसार केल्यावर बाईमाणूससुद्धा तार वाकवायला शिकतं. मला फार अभिमान वाटला. बेकरीवाल्याला सांगून आलो.

३० ऑगस्ट

आज सकाळी खाणीचा भोंगा झाला नाही.

पहिल्यांदा वाटलं माझंच घड्याळ पुढे गेलंय. मग दारोदार माणसं उभी, सगळ्यांची तोंडं डोंगराकडे. दुपारी कळलं. कुठल्या तरी दुसऱ्या देशात हाच दगड ढिगाने सापडला, आमच्या दगडाला कुणी विचारीना. कंपनीने फाटकाला साखळी घातली. फाटकाचं कुलूप माझंच आहे. चांगल्या मालातलं, सुदैवाने.

वेल्डर संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून होता. हिने त्याला चहा दिला. तो म्हणाला, "आठवड्यात सुरू होईल, काका." मी म्हटलं, "होणारच." दोघांनाही दुसऱ्याचं पटलं नाही.

९ सप्टेंबर

माणसं जशी आली तशी चालली. रोज दोन-चार टेम्पो. काही जण सांगून जातात, काही न सांगता. नर्सही गेली. वेल्डरने तिच्या ट्रंका खाली उतरवून दिल्या. तिने हिला मिठी मारली आणि हिच्या कानात काहीतरी बोलली. कुंडी मात्र टेम्पोत मावली नाही, वरच राहिली.

बहुतेक जण किल्ल्या खिशात घालून निघून गेले. माझ्या सहा किल्ल्या आता देशभर फिरतायत.

२७ सप्टेंबर

काम नाही. काल दिवसभरात एक किल्ली, तीही सायकलच्या कुलपाची. दुकानात बसवत नाही. घरी येतो, पुन्हा जातो. कानस शोधायला आलो, हिला हाक मारली. चष्मा शोधायला आलो, हाक मारली. किती वाजले विचारायला हाक मारली, तेव्हा म्हणाली, "घड्याळ तुमच्या हातात आहे."

हिचं मात्र काम थांबलेलं नाही. जाताना लोक कंपनीचे निळे डगले टाकून गेले. ती ते उसवून शाळेची दप्तरं शिवते. बोळकंडीत बल्ब लावायचा राहिलाच, पण हिचे टाके बघितले तर एकसारखे. सवयीने अंधारातही दिसत असणार.

दुपारी हल्ली ही घरात नसते. पिशवी घेऊन कुठे जाते विचारलं तर म्हणाली, "हातशिलाईचं काम असतं." बरोबर आहे, गिऱ्हाइकांकडे जात असणार. आज तीन वाजता चहासाठी चार हाका मारल्या. नव्हतीच.

१० ऑक्टोबर

बाईंनी बोलावून घेतलं. आठपैकी सात खोल्या रिकाम्या. त्या जिन्यावरूनच म्हणाल्या, "किल्लीवाले, माझ्या पाच नंबरमध्ये कुणीतरी येतं."

"काय गेलं, बाई?"

"गेलं काहीच नाही. तेच तर! खोली झाडलेली आहे. खिडकी उघडी होती, ती मी स्वतः लावली होती. आणि ही कुंडी बघा. महिना झाला त्या मुलीला जाऊन, रोप हिरवंगार!"

मी हसून म्हटलं, पाणी घालणारा चोर पहिल्यांदाच ऐकतोय. बाई हसल्या नाहीत. "कुलूप शाबूत आहे. म्हणजे येणाऱ्याकडे किल्ली आहे. तुम्ही तर म्हणाला होतात की एकाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही."

"नाहीच लागणार," मी म्हणालो. माझं खोटं मलाच ऐकू आलं.

खोलीत खिडकीखाली एक खोकं उपडं घातलेलं होतं आणि फरशीच्या फटीत निळ्या दोऱ्याचे तुकडे. नर्सचे असतील.

घरी येऊन नकाशा काढला. चार नंबरची वीस दारं. सोळा जण गाव सोडून गेलेले. त्यांतला कुणी परत येऊन राहतोय का? आपल्या कोठीची किल्ली बघायला गेलो तर खिळा रिकामा. बायकांना वस्तू जागेवर ठेवायची सवय नसते ती नसतेच.

१२ ऑक्टोबर

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बाईंनी चौकीत तक्रार दिली आणि नाव घेतलं आमच्या वेल्डरचं. कारणं काय? तो परका आहे, बेकार आहे, त्याच्याकडे हत्यारं आहेत, नर्सचं सामान त्यानेच उतरवलं, तेव्हा तिने त्याला किल्ली दिली असणार. बेकरीवालासुद्धा मान डोलवतोय. गेल्या आठ महिन्यांत याच माणसाने त्याच्या भट्टीची दारं फुकट जोडून दिली होती.

आणि वेळ बघा. वेल्डरला दूरच्या बंदरावर काम मिळालंय. शनिवारी सकाळी कंत्राटदाराची गाडी निघणार. बरोबर चौकीचा चारित्र्याचा दाखला लागतो. तक्रार असेपर्यंत दाखला देत नाहीत. आज सोमवार.

तो माझ्या दुकानात आला, उभाच राहिला. "काका, मी त्या खोलीत गेलो नाही."

"मला माहीत आहे रे."

"कसं माहीत आहे?"

मी कानस उचलली आणि उगाच एक किल्ली घासत राहिलो. तो म्हणाला, "काकूंना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल." मीही हिला सांगणार नाही. उगाच जिवाला घोर.

१४ ऑक्टोबर

सांगितलं तर काय होईल? किल्लीवाल्याने एकशे वीस दारांना सहा किल्ल्या दिल्या आणि आठ महिने तोंड शिवून बसला, हे कळल्यावर माझ्याकडून सायकलचं कुलूप तरी कोण घेईल? फळीवरच्या किल्ल्या लोक काढून नेतील. वडिलांनी पन्नास वर्षांत कमावलेलं मी एका दुपारी घालवीन. बरं, सांगूनही वेल्डर सुटेल याचा काय भरवसा?

न सांगितलं तर? तो शनिवारी इथेच राहील. आमच्या पुढच्या खोलीत, मान खाली घालून.

सहा वेळा दुकानातून घरी आणि घरून दुकानात. ही म्हणाली, "तुम्हाला काही हवंय का?" मी म्हटलं, नाही. तिला वाटलं असावं की मला बरं नाही, कारण कपाळाला हात लावून बघितला.

१६ ऑक्टोबर

झालं एकदाचं. सगळं नीट लिहून ठेवतो.

दुपारी तीनच्या सुमारास बाईंच्या अंगणात बरीच मंडळी होती. वेल्डरला बोलावलेलं. बाई त्याला म्हणत होत्या, "कबूल कर, मी तक्रार मागे घेते." तो म्हणत होता, "जे केलं नाही ते कसं कबूल करू, बाई?" आवाज रडवेला. तीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखा उभा.

मला तिथे बसवेना की उभं राहवेना. दुकानात गेलो आणि फळीवरून बेकरीमागच्या खोलीची किल्ली काढली. चार नंबर. परत आलो आणि ती वर धरली.

"ही कुणाची?" बेकरीवाल्याला विचारलं.

"माझ्या मागच्या खोलीची. नंबर तुमच्याच हाताचा आहे."

"चला सगळे वर."

सगळे जिना चढले. मी चढता चढता बोलत होतो, कारण थांबलो असतो तर पुढचं पाऊल टाकलं नसतं. खोकी, एकशे वीस, सहा, नकाशा, तेल घालायचं निमित्त, सगळं सांगितलं. म्हटलं, "या खोलीत कोण येतं मला माहीत नाही. पण वीस जणांच्या किल्लीने हे दार उघडतं, आणि या पोराची किल्ली त्या विसांत नाही. त्याच्या खोलीला दोन नंबर आहे. चोर शोधायचा तर माझ्यापासून सुरुवात करा." आणि बेकरीवाल्याची किल्ली बाईंच्या दाराला लावली. लोण्यात सुरी जावी तशी फिरली.

दार उघडलं.

खिडकीशी, उपड्या खोक्यावर, पाय पोटाशी घेऊन ही बसली होती. मांडीवर निळा डगला, नाकावर चष्मा, तोंडात दोरा. उन्हाची तिरीप थेट सुईवर. इतकी स्वस्थ बसलेली मी तिला कधी बघितली होती? आठवत नाही. तिने वर पाहिलं. मागची सगळी गर्दी तिला दिसलीच नसावी, फक्त मी दिसलो.

दातातला दोरा काढून ती म्हणाली, "आता काय हवंय?"

१७ ऑक्टोबर

काल पुढचं लिहिता आलं नाही.

वेल्डरवर आळ होता हे कळल्यावर ही जी उठली! अंगावरचे दोरे झटकत बाईंच्या पुढे गेली. "मी येते इथे. नर्सने कुंडी सांभाळायला सांगितली होती, आणि आमच्या कोठीची किल्ली या दाराला लागते हे मला मेपासून माहीत आहे. मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. या पोराला का छळलंत?" इतक्या वर्षांत कुणी बाईंना असं उभं केलं नसेल. मग त्यांनी चपला घातल्या, वेल्डरचा दंड धरला आणि स्वतः चौकीत गेल्या. दाखला कालच संध्याकाळी मिळाला.

म्हणजे तारबीर काही नव्हती. मे महिन्यात तिने साधी किल्ली लावून दार उघडलं होतं आणि मी बेकरीवाल्यापुढे मिशीला पीळ देत होतो.

लोक काय म्हणाले? बेकरीवाला फळीवरून आपली किल्ली घेऊन गेला. मग आणखी अकरा जण. दुकानाची फळी तोंडातले दात पडल्यासारखी दिसते. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

१८ ऑक्टोबर

वेल्डर काल सकाळी गेला. जाताना पाया पडायला वाकला, मी अडवलं. हिने त्याला निळं दप्तर दिलं, डबा ठेवायला.

पुढची खोली रिकामी झाली. मी लगेच मशीन उचलून खिडकीशी नेऊन ठेवलं, पुसलं, तेल घातलं. हिला हाक मारून दाखवलं. "घे, तुझी खिडकी."

तिने मशीनवरून हात फिरवला. "छान झालं. मशीनचं काम इथे करीन."

"आणि हातशिलाई?"

"ती तिकडेच. बाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. सात खोल्या ओस पडल्यात, त्यांनाही जिन्यावर कुणाची तरी चाहूल हवी आहे."

"अगं, पण आता इथे उजेड आहे ना?"

तिने मशीनचं चाक हाताने एकदा फिरवलं. मग म्हणाली, "अहो, तिकडे मला कुणी हाक मारत नाही."

मी म्हटलं, मी कुठे एवढ्या हाका मारतो? ती हसली आणि आत गेली. नंतर ही डायरी सुरुवातीपासून चाळली. मोजायला लागलो होतो, मध्येच सोडून दिलं.

३ नोव्हेंबर

रोज दारोदार जातो. प्रत्येक कुलूप उघडून आतल्या खिट्ट्या बदलतो, नवी किल्ली घासतो, ती जुन्या सहाही कुलपांना लावून बघतो आणि लागत नाही हे घरमालकाच्या डोळ्यांदेखत दाखवतो. एकेचाळीस दारं झाली. फुकट. बेकरीवाला पहिले दोन दिवस बघत उभा राहायचा, काल पाव देऊन गेला. तिसरी किल्ली मात्र अजून कुणी फळीवर ठेवू दिलेली नाही. मीही मागत नाही.

आज बाईंची पाच नंबर केली. जीव लावून केली, वडिलांनी बघितली असती तर नावं ठेवली नसती. दोनच किल्ल्या घासल्या. एक बाईंना दिली, दुसरी हिला. किल्लीचा साचाही मोडून टाकला. आता मला ते दार उघडता येणार नाही. मनात आणलं तर दोन मिनिटांत उघडीन म्हणा, पण आणणार नाही.

तीन वाजता चहाची तल्लफ आली. दुकानात गिऱ्हाईक नाही, गल्लीत टेम्पो नाही. समोर वरच्या खिडकीत हिचं डोकं खाली वाकलेलं दिसत होतं. हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं. घरी गेलो, चहाची पत्ती शोधली. अर्धा तास लागला. डबा समोरच होता.